बोका आणि कोंबड्या: २०१८ची ती दोन लेगची फायनल

मैदानवेडा (धागाकर्ता)

शनिवारी रात्री झोपायचं नाही असं ठरवून बसलो होतो. आपल्याकडे तारीख उलटून २५ नोव्हेंबर झाली होती, ब्युनोस आयर्समध्ये अजून २४ची संध्याकाळ. सामना आपल्या वेळेने दीडचा. दीडला कळलं, अडीचला होईल. अडीचला कळलं, पावणेचारला. मधल्या वेळात दोनदा चहा केला, दुसऱ्यांदा दूध संपलेलं म्हणून कोरा. पावणेचार वाजून गेल्यावर कळलं की आज नाहीच, उद्या. आणि दुसऱ्या दिवशी रात्री जेवून मोबाइल उघडतो तर उद्याही नाही.

कोपा लिबर्टाडोरेसच्या २०१८च्या फायनलबद्दल इथे कुणी सविस्तर लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा. अर्जेंटिनाचे दोन फुटबॉल क्लब, बोका ज्युनियर्स विरुद्ध रिव्हर प्लेट. दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची ही सगळ्यात मोठी स्पर्धा १९६० पासून चालू आहे, पण हे दोघे फायनलला समोरासमोर आले ते याच वेळी. त्यातून पुढच्या वर्षापासून फायनल एकाच सामन्याची करायचं आधीच ठरलं होतं. म्हणजे दोन लेगची (दोन सामन्यांची, एक याच्या मैदानावर, एक त्याच्या) ही शेवटचीच फायनल, आणि नशिबाने त्यात नेमके हे दोघे.

पार्श्वभूमी थोडक्यात. दोन्ही क्लब एकाच वस्तीतले. ला बोका हा ब्युनोस आयर्सच्या बंदराचा भाग, जेनोआहून आलेल्या इटालियन लोकांचा. रिव्हरचा जन्म १९०१चा, बोकाचा १९०५चा. पुढे रिव्हरने बिऱ्हाड उत्तरेला, पैसेवाल्यांच्या बाजूला हलवलं, तीसच्या दशकात मोठ्या रकमा मोजून खेळाडू घेतले आणि 'मिलियोनारिओस', म्हणजे लखपती, हे नाव लावून घेतलं. बोका राहिले बंदरावरच. रिव्हरवाले बोकावाल्यांना शेणातले म्हणतात. बोकावाले रिव्हरवाल्यांना कोंबड्या म्हणतात. १९६६च्या लिबर्टाडोरेस फायनलमध्ये उरुग्वेच्या पेन्यारोलविरुद्ध २-० पुढे असताना रिव्हर ४-२ हरले. त्यानंतरच्या एका सामन्यात बानफिल्ड क्लबच्या प्रेक्षकांनी रिव्हरच्या जर्सीसारखा लाल पट्टा बांधलेली कोंबडी मैदानात सोडली, आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. आपल्या भाषेत बोका विरुद्ध कोंबड्या असा सामना होतो हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकही नसेल.

पहिला लेग बोकाच्या घरी, ला बोंबोनेरावर. तो १० नोव्हेंबरला व्हायचा होता, पण इतका पाऊस पडला की मैदानाचं तळं झालं. ११ला झाला. २-२. दुसऱ्या लेगसाठी बोकाची बस रिव्हरच्या घरच्या मैदानाकडे, मोन्युमेंटलकडे निघाली आणि मैदानाजवळच्या कोपऱ्यावर रिव्हरच्या जमावाने दगड-बाटल्यांनी तिच्या काचा फोडल्या. पोलिसांनी सोडलेल्या धुराने उरलेलं काम केलं. कर्णधार पाब्लो पेरेझच्या डोळ्याला इजा झाली, काही जण ओकत होते. ड्रायव्हरची शुद्ध हरपली तेव्हा बोकाच्या उपाध्यक्षांनी स्टिअरिंग धरलं. आणि तो रस्ता कुठला? आवेनिदा देल लिबर्टाडोर. मुक्तिदात्याच्या नावाचा रस्ता, मुक्तिदात्यांच्या नावाचा कप.

शेवटी दुसरा लेग ९ डिसेंबरला माद्रिदला झाला, सांतियागो बर्नाबेवर, दहा हजार किलोमीटर लांब. ज्या स्पेनच्या राजवटीतून सुटका करणाऱ्या सान मार्टिन-बोलिव्हारच्या सन्मानार्थ कपाला नाव दिलं, त्याच स्पेनच्या राजधानीत. रिव्हर जादा वेळेत ३-१ जिंकले, एकूण ५-३.

माझं म्हणणं एवढंच, आणि त्यावर भांडायला या. दुसरा लेग झालाच नाही. माद्रिदला जे झालं तो तिऱ्हाईताच्या मैदानावरचा एक चांगला सामना होता. दोन लेगची फायनल म्हणजे एक पंगत तुमच्या घरी, एक आमच्या घरी. पहिली पंगत बोकाकडे उठली. दुसरीला पाहुण्यांच्या गाडीवर दगड पडले आणि जेवण परगावच्या हॉटेलात उरकलं. पोट भरलं असेल. पंगत नाही झाली.

---

कावेबाज_काकू

लेख आवडला. शंका विचारू का? लेग म्हणजे तंगडी ना? कोंबड्यांचा सामना आणि दोन तंगड्या, मला वाटलं पाककृती विभागातला धागा चुकून इकडे आला.

चेष्टा सोडा. नातू सांगतो की दोन सामन्यांचे गोल एकत्र मोजतात. मग पहिला सामना बरोबरीत सुटला तर त्याला महत्त्व काय उरतं?

---

मैदानवेडा

काकू, तंगडीवर हसून चहा सांडला.

बरोबरीला महत्त्व असतं ते असं. बोंबोनेराच्या उभ्या गॅलऱ्यांत, कानठळ्या बसवणाऱ्या घरच्या गर्दीपुढे तुम्ही पाहुणे म्हणून २-२ करून आलात, तर आता आपल्या घरी नुसतं जिंकायचं उरतं. त्या रात्री बोका दोनदा पुढे गेले आणि दोनदा रिव्हरने गाठलं. ३४व्या मिनिटाला आबिलाने गोल केला, बोंबोनेरा अजून उड्या मारत होता तोवर ३५व्या मिनिटाला प्राट्टोने फेडला. मध्यंतराआधी बेनेडेटोच्या डोक्याने पुन्हा बोका पुढे, ६१व्या मिनिटाला बोकाच्याच इझ्किएर्दोझकडून स्वयंगोल. नव्वदाव्या मिनिटाच्या आसपास तेवेझने बेनेडेटोला असा पास दिला की पुढे फक्त गोलकीपर. रिव्हरच्या अर्मानीने तो अडवला. माझ्या मते कप तिथेच ठरला, लोक भले माद्रिदचे गोल आठवोत.

---

लाल_पट्टा

धागा छान, पण निष्कर्ष साफ चूक. मी २०११ पासून रिव्हरचा. हो, ज्या वर्षी ते खालच्या डिव्हिजनला गेले त्याच वर्षापासून. बेलग्रानोविरुद्ध मोन्युमेंटलवर १-१ झाला आणि रिव्हर पहिल्यांदाच उतरले. रडणारी माणसं पाहिली आणि मी त्यांचा झालो. असं प्रेम निवडून होत नाही.

मुद्दा हा. माद्रिदने नुकसान कुणाचं केलं? रिव्हरचं. घरचा सामना आमचा होता. ६०-६५ हजार माणसं २४ तारखेला दुपारपासून मोन्युमेंटलमध्ये बसून राहिली, त्यांना रात्री घरी धाडलं. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, परत धाडलं. त्यांचा सामना परदेशात गेला. त्यांनी बसवर दगड टाकले नव्हते, टाकणारे बाहेर होते. शिक्षा म्हणून चार लाख डॉलरचा दंड झाला आणि घरचे दोन सामने रिकाम्या मैदानात. ते सगळं भोगूनही रिव्हर जिंकले. आणि तुम्ही म्हणता दुसरा लेग झालाच नाही! मग आमचा चौथा कप काय हवेतून आला?

---

रंकाळ्याचा_राजा

मैदानवेडा भावा, एक नंबर लिवलंयस. पण खरं सांगू? हे सगळं वाचताना मला शाहू स्टेडियमच दिसत हुतं.

आमच्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. तालमींची पोरं फुटबॉल खेळतात, हे बाहेरच्याला सांगितलं की त्याला आधी कुस्तीच वाटती. पेठेच्या मॅचला दुकानं लवकर बंद हुतात. गॅलरी वाटून घेतल्याली असती, मधी पोलीस. वर्ल्ड कपला चौकाचौकात मेस्सी-नेमारची कटआउटं लागतात ते टीव्हीवाले दाखवतात, पण त्या कटआउटाखाली उभी राहणारी पोरं वर्षभर आपल्या तालमीसाठी भांडतात, ते कुणी दाखवत न्हाई.

आमचा फरक एकच. दोन लेगची फायनल करायची म्हटली तर दुसरा लेग खेळायचा कुठं? दोन्ही पेठांचं मैदान तेच. घर आणि पाहुणे ही भानगडच न्हाई. मॅच संपली की दोघं त्याच रस्त्यानं घराकडं. मारामाऱ्या हुत्यात, खोटं का बोला, एका साली आमच्याच गॅलरीतनं बाटली पडल्याली मी बघितलीया आणि टाकणाऱ्याला वळखत बी हुतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळीच्या दुकानात तो आणि समोरचा एकाच बाकड्यावर. ब्युनोस आयर्सला तो बाकडाच न्हाई वाटतं.

---

मैदानवेडा

@रंकाळ्याचा_राजा, बाकडा होता, पण काढून घेतला. अर्जेंटिनात २०१३ पासून पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना लीगच्या सामन्यांना बंदी होती. ला प्लाटाला एका सामन्यात लानुस क्लबचा एक प्रेक्षक पोलिसांच्या रबरी गोळीने गेला, त्यानंतर ही बंदी आली. २०१८च्या या फायनलच्या आधी खुद्द राष्ट्राध्यक्ष माक्री म्हणाले की या वेळी पाहुण्यांना येऊ द्या. हे माक्री म्हणजे बारा वर्षं बोकाचे अध्यक्ष राहिलेले गृहस्थ. दोन्ही क्लबांनी नको म्हटलं. म्हणजे दोन्ही लेगना एकाच रंगाची गर्दी ठरलेली.

यात माझ्याच मुद्द्याला तडा जातो हे कळतंय मला. ज्या पंगतीत पाहुणे नाहीत तिला पंगत कशी म्हणायची? पण पाहुणा संघ तरी यायचा ना, अकरा माणसं.

---

नियमपंडित

एक तांत्रिक गंमत कुणाच्या लक्षात आली नाही. त्या वर्षी लिबर्टाडोरेसच्या बाद फेरीत परक्या मैदानावरच्या गोलांना जास्त वजन होतं, फक्त फायनलला नव्हतं. रिव्हर फायनलला पोचले तेच या नियमामुळे. सेमीफायनलला ब्राझीलच्या ग्रेमिओविरुद्ध घरी ०-१ हरले, पोर्तो अलेग्रेला २-१ जिंकले, एकूण २-२, परक्या मैदानावरचे गोल जास्त म्हणून पुढे.

आता तोच नियम फायनलला लावून बघा. बोंबोनेरावर रिव्हरचे २ गोल. माद्रिदला नव्वद मिनिटांनंतर १-१. माद्रिद हे कागदोपत्री रिव्हरचं घर धरलं तर एकूण ३-३, परक्या गोलांत रिव्हर २, बोका १. सामना तिथेच संपला असता. जादा वेळ नाही, रिव्हरच्या किंटेरोचा तो गोल नाही, शेवटचं सगळं नाट्य नाही. नियम नव्हता म्हणून तो गोल जगाला मिळाला.

अवांतर: ग्रेमिओच्या सामन्यात रिव्हरचे प्रशिक्षक गायार्दो निलंबित असूनही मध्यंतराला ड्रेसिंग रूममध्ये गेले होते. त्याची शिक्षा म्हणून बोंबोनेराच्या दारातही त्यांना प्रवेश नव्हता. आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फायनल गड्याने बाकाबाहेरून चालवली.

---

लाल_पट्टा

@नियमपंडित, हे गणित मी सात-आठ वेळा मित्रांना समजावलंय, इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

फातोर्डेकर

मैदानवेडांचं पंगतीचं म्हणणं मला पटतं आणि कारण घरचं आहे. मी मडगावचा. २०२१ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) सेमीफायनल आठवा, एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी. दोन लेग. कोविडमुळे अख्खी स्पर्धा गोव्यातच. पहिला लेग ५ मार्चला आमच्या मडगावातल्याच फातोर्ड्याला, २-२. दुसरा ८ मार्चला बांबोळीला, कागदावर मुंबईचा घरचा सामना, ०-०. मग पेनल्टी, मुंबई ६-५.

मी स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर राहतो. दिवे पेटलेले गच्चीवरून दिसत होते आणि सामना टीव्हीवर बघत होतो, कारण प्रेक्षकांना आत सोडत नव्हते. दूर कुठेतरी शिट्टी वाजली की टीव्हीवर ती थोड्या वेळाने ऐकू यायची. म्हणजे फाऊल आधी गच्चीवर कळायचा, मग हॉलमध्ये. आई म्हणाली, एवढं जवळ असून लग्नाला बोलावलं नाही तर कसं वाटतं, तसं दिसतंय तुझं तोंड.

ही फायनल नव्हती, सेमीफायनल होती, मान्य. आणि मुंबई-गोवा हे बोका-रिव्हर नव्हे, तेही मान्य. मुंबईकरांशी आमचं वैर फक्त डिसेंबरातल्या पार्किंगवरून. पण दोन लेग असून एकही घरचा नाही हे काय असतं ते आम्ही भोगलंय.

---

कावेबाज_काकू

मी नातवाकडून त्या दिवसाचा एक व्हिडिओ बघितला. एक बाई लहान पोरीच्या कमरेला शोभेच्या दारूच्या नळकांड्या चिकटपट्टीने गुंडाळते आहे, वर सदरा ओढून देते. आत नेताना पोरीची झडती घेणार नाहीत म्हणून. पोरगी नुसती उभी. मला सामन्याचं काही कळत नाही, पण तेवढं बघून पोटात कालवलं. मी गणपतीत सुरसुरी धरतानाही पोरांच्या हातात पाण्याची बादली ठेवते.

आणि हे सगळं बसवाल्या जमावाच्या आधी की नंतर?

---

मैदानवेडा

त्याच दिवशी, काकू. तिकडे टोळ्यांचं राजकारण वेगळंच आहे. 'बार्रा ब्रावा' म्हणतात त्यांना. तिकिटांचा काळाबाजार, पार्किंग, सगळं त्यांच्या हातात. आदल्या दिवशीच पोलिसांनी रिव्हरच्या एका म्होरक्याच्या घरावर छापा घालून जवळपास ३०० तिकिटं आणि रोकड पकडली होती. दुसऱ्या दिवशीचे दगड हा त्याचा सूड, असं तिथले बरेच लोक म्हणत होते. शहराच्या सुरक्षामंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. गंमत बघा, पुढच्याच आठवड्याच्या शेवटी ब्युनोस आयर्सला जी-२० परिषद होती. एवढ्या देशांचे प्रमुख सांभाळायला निघालेल्या शहराला एक बस तीन वळणं नेता आली नाही.

---

शंकासुर

एक कळत नाही. पाहुण्यांवर हल्ला झाला तर सामना सरळ पाहुण्यांना बहाल का केला नाही? बोकाने मागितला नाही का?

---

नियमपंडित

मागितला तर! २०१५चा दाखला घेऊन मागितला. त्या वर्षी याच स्पर्धेत, याच दोघांत, बोंबोनेरावर मध्यंतरानंतर बाहेर येणाऱ्या रिव्हरच्या खेळाडूंवर बोगद्यात तिखटाचा फवारा मारला होता. तेव्हा बोकाला स्पर्धेतून बाद केलं आणि रिव्हर पुढे जाऊन कप जिंकले. बोकाचं म्हणणं साधं होतं, आम्हाला जो न्याय तो त्यांनाही. कॉनमेबोलने, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने, ऐकलं नाही, सामना खेळवायचाच ठरवला.

शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं म्हणतात. इथे बोका खाली तोंड वासून बसला, शिंकं काही तुटलं नाही.

---

लाल_पट्टा

हाहा, ही म्हण अर्जेंटिनाला पाठवा कुणीतरी.

पण २०१५ला मैदानात, चालू सामन्यात, बोकाच्या कुंपणाच्या आत फवारा मारला होता. २०१८ला सरकारी रस्त्यावर, पोलिसांच्या बंदोबस्तात घडलं. दोन्ही सारखं नाही.

---

शंकासुर

काच डोळ्यात गेली त्याला रस्ता सरकारी की खासगी याने काय फरक पडतो?

---

लाल_पट्टा

त्याला नाही पडत. बरोबर आहे. इथे मी गप्प बसतो.

---

माद्रिदची_पाहुणी

नमस्कार. एरवी नुसती वाचत असते, आज राहवलं नाही. त्या दिवसांत मी नोकरीसाठी माद्रिदला होते. फुटबॉलमधलं मला तेव्हा इतकंच कळायचं की रविवारी मेट्रोने जायचं नाही.

९ डिसेंबरला सकाळपासून हेलिकॉप्टर. कास्तेयाना हा आमचा मोठा रस्ता बंद. स्टेडियमच्या उत्तरेला रिव्हरवाल्यांना जागा दिली होती, दक्षिणेला नुएवोस मिनिस्तेरिओसच्या बाजूला बोकावाल्यांना, मध्ये घोड्यावरचे पोलीस. ब्युनोस आयर्सचा भर उन्हाळा सोडून आलेली माणसं माद्रिदच्या डिसेंबरात नुसत्या जर्सीवर उड्या मारत होती. मला स्वेटर, त्यावर कोट, त्यावर मफलर.

सामना मी घराजवळच्या एका बारमध्ये पाहिला. तिथे पाच-सहा बोकावाल्यांचा घोळका होता. बहुतेक वर्षानुवर्षं स्पेनमध्येच राहिलेले. मध्यंतराच्या थोडं आधी बेनेडेटोने गोल केला तेव्हा त्यांच्यातला एक, टक्कल पडलेला, पन्नाशीचा, शौचालयात होता. बाहेर आला तर सगळे एकमेकांच्या गळ्यात. दुसऱ्या अर्धाची शिट्टी वाजताच मित्रांनी त्याला धरून परत शौचालयात कोंडलं! शकुन म्हणे. 'काबाला' म्हणतात त्याला. तो बिचारा आतून ओरडून विचारायचा, काय चाललंय? हे बाहेरून सांगायचे, तू आत राहा, सगळं ठीक आहे.

६८व्या मिनिटाला प्राट्टोने बरोबरी केली. बारमध्ये एकदम शांतता. दोन मिनिटांनी शौचालयाचं दार हळूच किलकिलं झालं आणि टक्कल बाहेर डोकावलं. कुणी काही बोललं नाही. त्याला कळलं.

---

रंकाळ्याचा_राजा

आई शप्पथ, ह्यो माणूस आमच्याकडचा हाय. आमच्यात एक काका मॅचला कायम तोच चुरगळलेला शर्ट घालून येतात, १९९८ पासून धुतलेला न्हाई असा आमचा संशय.

---

मैदानवेडा

पाहुणी, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात भारी. माझा 'तिऱ्हाईताचं मैदान' हा मुद्दा तुम्ही अर्धा पाडलात. त्या शौचालयापुरता तरी सामना घरचाच होता.

आता पुढचं ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. जादा वेळ सुरू होताच ९२व्या मिनिटाला बोकाचा बार्रिओस दुसऱ्या पिवळ्या कार्डावर बाहेर. दहा जण. १०९व्या मिनिटाला कोलंबियाचा किंटेरो, बदली म्हणून आलेला, डाव्या पायाचा. पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून मारलेला चेंडू आडव्या खांबाला आतून लागून जाळ्यात गेला. तो आवाज मी हेडफोनवर ऐकलाय, पातेल्यावर झाकण पडावं तसा. मग बोकाचा गागो जखमी होऊन लंगडत बाहेर, बदली संपलेले, नऊ जण. नऊ जणांनिशी बोका तुटून पडले. शेवटच्या मिनिटांत बोकाच्या हारा या खेळाडूचा फटका खांबाला लागला. कॉर्नरसाठी गोलकीपर आंद्रादासुद्धा पुढे गेला, मागे गोल उघडा. चेंडू रिव्हरला मिळाला आणि पिटी मार्टिनेझ अर्धं मैदान एकटा पळत गेला, पुढे कुणीच नाही. ३-१. ६२ हजारांवर लोक होते त्या दिवशी बर्नाबेवर, मेस्सीही गॅलरीत होता.

पिटी पळत असताना माझ्याकडे पहाटेचे पावणेचार वाजले असतील. दोन आठवड्यांपूर्वी सामना रद्द झाल्याचं कळलं होतं तीच वेळ. या वेळी दूध आधीच आणून ठेवलं होतं.

---

फातोर्डेकर

मग एका सामन्याची फायनल बरी की दोन लेगची? पुढच्या वर्षी एकच झाली ना?

---

नियमपंडित

हो, २०१९ला. ती सांतियागोला व्हायची होती, पण चिलीत आंदोलनं पेटली म्हणून लिमाला हलवली. म्हणजे जागा पळवायची सवय एका सामन्यानेही सुटली नाही. रिव्हर पुन्हा फायनलला. ब्राझीलच्या फ्लामेंगोविरुद्ध शेवटपर्यंत १-० पुढे होते आणि अखेरच्या काही मिनिटांत गाबिगोलने दोन गोल करून कप नेला. लाल_पट्टा, माफ करा.

माझं मत: एका सामन्याची फायनल टीव्हीला सोयीची, हॉटेलांना सोयीची, प्रेक्षकाला महाग. ब्युनोस आयर्समधला बसने येणारा माणूस लिमाला किंवा माद्रिदला कसा जाणार? दोन लेगला दोन्ही गावांतल्या माणसाला एकेक संध्याकाळ तरी मिळते.

---

लाल_पट्टा

२०१९ची आठवण काढायची काही गरज नव्हती.

धागाकर्त्यांना मात्र अर्धा मुद्दा देऊन टाकतो. पहिल्या लेगच्या वेळी बोंबोनेरा जसा हलत होता तसा बर्नाबे हलला नाही. ते हलणं मोन्युमेंटलला व्हायला हवं होतं. झालं असतं तर कदाचित आम्ही हरलोही असतो. तरी व्हायला हवं होतं.

---

कावेबाज_काकू

आणि बोक्याचं पुढे काय झालं? मिळाला का त्याला नंतर?

---

मैदानवेडा

नाही ना, काकू. सहा कप आहेत, सातव्याच्या मागे कित्येक वर्षं आहेत. २०२३ला फायनल गाठली, रिओच्या माराकानावर, फ्लुमिनेन्सेकडून जादा वेळेत २-१ हरले.

---

शंकासुर

बाकी सगळं राहू दे. पाहुणी, त्या शौचालयातल्या माणसाचं शेवटी काय झालं ते सांगा.

---

माद्रिदची_पाहुणी

किंटेरोच्या गोलनंतर मित्रांनी ठरवलं की शकुन उलटा झालाय, आता त्याने बाहेरच बसायचं. तो बसला, पण दर मिनिटाला उठून बघायचा, जाऊ का आत? शेवटच्या मिनिटाला सगळेच म्हणाले, जा! तो धावत निघाला. एक पाय दाराच्या आत, एक बाहेर, आणि त्याच क्षणी हाराचा चेंडू खांबाला लागला.

पुढे तो मला त्या बारमध्ये अनेकदा भेटला. दर वेळी दाराचा उंबरठा बोटाने दाखवायचा. अजून एक पाऊल, म्हणायचा, आणि तो आत होता.